हळदीचं बेट

गणपती होऊन गेलेले. हेमाडग्याच्या गेटावर पावती फाडली,
आम्ही नऊजण, बेळगावहून पहाटेच्या टेम्पोने आलेलो,
गळ्यात दुर्बिणी, बुटांना जळवांसाठी चोळलेली तंबाखू.
बमू झोरे पुढे. शर्ट खाकी, वनखात्याचा,
खाली धोतर त्याचं स्वतःचं.

पहिल्या झाडावर पत्र्याची पाटी: आकडा,
कन्नडमध्ये मत्ती, त्याखाली लॅटिन.
"आमी ऐन म्हणताव," बमू म्हणाला
आणि खोडावरचा फुगवटा थोपटला, म्हशीची कास थोपटावी तसा.
"चैतात हितं टोचलं की पाणी येतंय.
एकाला पुरतंय. दोघं असला तर
दुसऱ्यानं दुसरं झाड बघायचं."
हुद्दार सरांनी विचारलं, साधारण किती मिलिलिटर?
बमू विचारात पडला.
"तहान जाईस्तोवर."

रानबिब्ब्याला त्याने लांबून वळसा घालायला लावला.
चीक उडाला तर अंग उततं.
मग बेहड्याकडे जायचं, तो ह्याचा मेव्हणा,
बुंध्याला हात लावून म्हणायचं,
तुझ्या माणसाला जरा समजाव.
आम्ही हसलो. तो हसला नाही.
पुढे बेहडा आला तेव्हा
जाता जाता माझा हात सालीला लागला. लावला नाही, लागला.

कुणी शिकवलं हे सगळं? मी वही उघडून.
"म्हशींनी."
कुठला पाला ओरबाडते, कुठल्याला नाक मुरडते,
व्यायल्यावर कुठल्या वेलीकडे ओढत नेते.
"आमी नुस्तं मागनं चाललाव. काय लिहूलालासा?
लिवा की. शिंगरी, चांदी, मोरी."
मी लिहिली. लॅटिनसाठी आखलेल्या रकान्यात
शिंगरी, चांदी, मोरी.

एका वळणावर वास आला, उग्र, काहीतरी सडल्यासारखा.
सर थांबले. नरक्या का हो हा?
ह्याला तर बाहेर भाव...
"जनावर मेलं असंल," म्हणत बमू चालत राहिला.
बऱ्याच वेळाने मला एकटीला, माझ्याकडे न बघता:
"नाव घेतलं की ट्रक येतोय, बाई."
म्हणून ते वळण कितवं, हे मी इथे लिहीत नाही.

मग रान विरळ झालं. उजेड.
बमूने टोपी काढली.
"आता तुमी सांगा. हितं काय चुकलंय?"

एक शेवगा, कललेला.
कढीपत्ता, पिलावळीसकट.
दगडांची ओळ, तिच्यापलीकडे माठ, गुडघाभर, तांबडा.
आणि हळद. कुणी न काढलेली,
वर्षामागून वर्ष स्वतःवरच उगवून
आडवी पसरलेली, मोठं बेटच झालेलं.

ही रानातली नव्हेत, सर हळू आवाजात म्हणाले.
"न्हवंच. ही माणसामागनं येत्यात.
माणूस उठला, तर ह्यांना कोण सांगत न्हाई."

माठ आहे तिथे चूल, राखेवर तो जोर धरतो.
धोतरा माजलाय तो गोठा. तिघी तिथे बांधलेल्या.
शेवग्याखाली उंबरा; त्याच्या उंबऱ्यात आम्ही
ओले बूट घेऊन उभे होतो, बाजूला सरलो.
खानापुराजवळ पत्र्याचं घर मिळालंय, करंट हाय, नळ हाय,
दाराला नंबर हाय. "नंबर काय ध्यानात ऱ्हात न्हाई."

मग तो उकिडवा बसला, बोटांनी माती उकरली,
एक कुडी मोडून हुंगली
आणि खिशात टाकली.

परतताना गेटावर गार्डाने पिशव्या उघडायला लावल्या.
पान, फूल, बी, काहीही बाहेर नेण्यास मनाई.
हुद्दार सरांचं एक पीस राहिलं तिथेच.
बमू त्याला नमस्कार करून तसाच पुढे गेला,
घामाने भिजलेल्या खाकी खिशावर
पिवळा डाग हळूहळू मोठा होत.

तो धुऊन जात नाही.
एवढं एक मला त्या रानात
कुणी सांगावं लागलं नाही.